सायकलचे आपोआप कमी-जास्त होणारे दिवे: मागचा जरूर घ्या, पुढच्यावर पैसे जपून घाला

नागपुरात सायकल चालवायची तर वर्षातला बराच काळ ती अंधारातच चालवावी लागते. एप्रिलपासून सकाळी सातलाच ऊन अंगावर येतं, नवतपात, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यात तापणाऱ्या नऊ दिवसांत, पारा ४५ च्या आसपास असतो आणि रात्री दहालाही डांबरातून वाफा निघत असतात. म्हणून इथला सायकलवाला पहाटे चारला घर सोडतो आणि ऊन तापायच्या आत परत येतो. दिवा ही आमच्यासाठी हौसेची वस्तू नाही, ब्रेकइतकीच गरजेची आहे. त्यामुळे उजेड पाहून स्वतःच मंद-प्रखर होणारे, ब्रेक मारला की स्वतःच भडकणारे जे ‘स्मार्ट’ दिवे आता मिळतात ते घ्यावेत का, हा प्रश्न आमच्या ग्रुपवर सारखा येतो. असा एक पुढचा आणि एक मागचा दिवा मी गेल्या उन्हाळ्यापासून वापरते आहे. दोन्ही वेगवेगळ्या कंपन्यांचे. नावं लिहीत नाही, कारण ज्या अडचणी सांगणार आहे त्या कुठल्या एका कंपनीच्या नाहीत, त्या पद्धतीच्याच आहेत.

आधी माझा रस्ता सांगते, म्हणजे तुमच्या रस्त्याशी ताडून पाहता येईल. प्रतापनगरहून निघायचं, रविनगरवरून फुटाळा, मग सेमिनरी हिल्स चढून काटोल नाका आणि तिथून गोरेवाड्याच्या जंगलाच्या कडेने फेटरीकडे. रविनगरला खांबावरचे दिवे इतके झगझगीत असतात की स्वतःचा दिवा लागला आहे की नाही हेही कळत नाही. सेमिनरी हिल्सवर झाडांमुळे एक टप्पा उजेडाचा, एक अंधाराचा. काटोल नाक्याला पुन्हा उजेड. आणि गोरेवाडा मागे पडला की मिट्ट काळोख, समोरून ट्रक, आणि रस्त्यात काय असेल ते. कधी रानडुक्कर, कधी वाळूचा ढिगारा, पावसाळ्यात बसलेली जनावरं. एकाच फेरीत इतके प्रकार येतात, म्हणून आपोआप बदलणारा दिवा माझ्यासाठीच केला असावा असं कागदावर तरी वाटत होतं.

पुढचा दिवा ८०० ल्युमेनचा आहे (ल्युमेन म्हणजे दिवा एकूण किती उजेड फेकतो त्याचं माप), किंमत साडेचार हजारांच्या घरात. बटणाच्या शेजारी डाळीएवढी एक धुरकट काच आहे, तिच्याखाली सेन्सर. ऑटोवर ठेवला की तो चौकात १५० च्या आसपास येतो आणि अंधारात पूर्ण उघडतो. शहरात हे काम तो खरंच छान करतो. बदल हळूच होतो, झटका बसत नाही. सेमिनरी हिल्सवर पहिल्या वळणाला झाडाखाली शिरलं की दोनेक सेकंदात रस्ता उजळतो, हँडलवरचा हात हलवावा लागत नाही. खड्डा आणि वळण एकत्र आलेलं असताना बटण चाचपडण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

अडचण गोरेवाड्याच्या पुढे सुरू होते.

पावसाळ्यातली गोष्ट. समोरून ट्रक आला, हाय बीमवर. आपल्याकडे डिपर देण्याची सवय किती जणांना आहे ते तुम्हाला माहीतच आहे. त्याचा उजेड अंगावर आला आणि ज्या क्षणी मला माझ्या दिव्याची सगळ्यात जास्त गरज होती, नेमका त्याच क्षणी माझा दिवा मंद झाला. डाव्या कडेला म्हैस बसलेली होती, तोंड पलीकडे करून. गाईचे-कुत्र्याचे डोळे दिव्यात चमकतात, त्यांच्या डोळ्यांमागे उजेड परतवणारा थर असतो, म्हणून ती लांबून कळतात. तोंड फिरवून बसलेली काळी म्हैस ओल्या डांबरावर काहीच कळत नाही. मला दिसलं ते फक्त तिच्या शिंगाचं टोक. ब्रेक लागले, काही झालं नाही. पण ट्रक गेल्यावर माझा दिवा सावकाश पुन्हा प्रखर होताना मी पाहिला आणि तिथेच थांबून ठरवलं की हे प्रकरण नीट तपासायचं.

मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. बारावीच्या सेमिकंडक्टरच्या धड्यात फोटोडायोड येतो, या दिव्यात तोच किंवा त्याचा भाऊबंद बसवलेला असतो. त्याला फक्त एवढंच कळतं की आपल्यावर किती उजेड पडतो आहे. तो उजेड वरच्या खांबाचा की समोरच्या ट्रकचा, हे त्याला कळत नाही. हिशोब करून पाहा. हाय बीमची तीव्रता सहज ४०,००० कँडेला असते. ५० मीटरवर तिचे होतात १६ लक्स (लक्स म्हणजे एखाद्या जागेवर प्रत्यक्ष किती उजेड पडतो त्याचं माप), कारण अंतराच्या वर्गाने भागायचं. चांगल्या दिवाबत्तीच्या रस्त्यावर साधारण तेवढेच लक्स असतात. म्हणजे ट्रक ५० मीटरवर आला की माझ्या दिव्याला वाटतं आपण रविनगरला पोचलो, आता विश्रांती घ्यावी. त्याच वेळी माझे डोळे दिपलेले असतात आणि अंधाराला सरावलेली नजर एकदा गेली की ती पूर्ण परत यायला २० ते ३० मिनिटं लागतात.

पुढच्या वेळी सेन्सरवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवला आणि त्याच रस्त्याने गेले. ट्रक आला, दिवा जसाच्या तसा राहिला. टेप काढला, पुढच्या ट्रकला पुन्हा मंद. शंका उरली नाही. ग्रुपमधल्या दुसऱ्या दोघांच्या वेगळ्या कंपन्यांच्या दिव्यांवर हेच केलं. एक माझ्यासारखाच वागला. दुसऱ्याचा सेन्सर आकाशाकडे तोंड करून होता आणि तो बदलायच्या आधी सात-आठ सेकंद वाट पाहत होता, तेवढ्यात ट्रक निघून जातो. म्हणजे हे नीट करता येतं, पण डब्यावर ते लिहिलेलं नसतं. डब्यावर सगळ्यांच्या ‘ऑटो’ एवढंच असतं.

आणखी एक गोष्ट मला खटकते. आपल्याला पुढे किती लांबचं दिसायला हवं हे आजूबाजूच्या उजेडावर जेवढं ठरतं, त्याहून जास्त वेगावर ठरतं. ताशी २५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ७ मीटर. धोका दिसून हात ब्रेकवर आवळेपर्यंत दीड सेकंद धरा, मग सायकल थांबायला आणखी ६ मीटर. एकूण १६-१७ मीटर. सेमिनरी हिल्सच्या उतारावर वेग ३५ वर गेला की हेच अंतर २६ मीटरच्या पुढे जातं. ज्याला फक्त उजेड कळतो त्या दिव्याला यातलं काही कळत नाही. वेग ओळखणारे दिवे आहेत. गार्मिनचा व्हेरिया यूटी ८०० त्यांच्याच एज सायकल कॉम्प्युटरला जोडला की वेग आणि उजेड दोन्ही पाहून झोत बदलतो. पण मग दिवाही घ्या, कॉम्प्युटरही घ्या. माझ्या वडिलांच्या सायकलला टायरला घासून चालणारा डायनामो होता, ६ व्होल्ट, ३ वॉट. जोरात पायडल मारलं की प्रखर, हळू केलं की मंद. वेगाप्रमाणे उजेड देण्याचं काम तो बिचारा कुठल्याही सेन्सरशिवाय करत होता. थांबलं की विझायचा, हा त्याचा दोष, पण चालत असताना मात्र त्याची दिशा बरोबर होती.

पुढच्या दिव्यात खरे पैसे कशाला द्यावेत, तर झोताच्या आकाराला. फेटरी फाट्यावर पहाटे टपरी उघडणारे एक काका आहेत. त्यांनी आम्हाला येताना-जाताना रोज पाहिलेलं. ते एकदा म्हणाले, “ताई, तुमचा मागचा लाल लय दुरून दिसते. पण समोरचा सरळ डोयात घुसते न.” मला ते फार लागलं. हाय बीमवाल्यांवर आपण चिडतो आणि समोरच्या मोपेडवाल्याच्या डोळ्यात आपणही तेच करतो. माझ्या दिव्याचा झोत टॉर्चसारखा गोल आहे. त्यातला निम्मा रस्त्यावर पडतो आणि निम्मा झाडांवर आणि लोकांच्या तोंडावर. जर्मनीत सायकलच्या पुढच्या दिव्याचा झोत वरून कापलेला असावा असा नियमच आहे, कारच्या लो बीमसारखा. तसे दिवे आता आपल्याकडेही मिळतात. आमच्या ग्रुपमधल्या एकाकडे तसा ४०० ल्युमेनचा साधा, बटणाचा दिवा आहे. गोरेवाड्याच्या पुढे आम्ही दोघे शेजारी सायकली उभ्या करून पाहिलं. त्याचा ४०० चा रस्ता माझ्या ८०० च्या रस्त्यापेक्षा लांबपर्यंत आणि एकसारखा दिसत होता. खड्ड्याची कड, गिट्टी, पांढरी पट्टी, सगळं. महालातल्या माझ्या सायकलवाल्याला हे सांगितलं तर तो चाकाला आऱ्या घालता घालता मान वर न करता म्हणाला, “मॅडम, लुमेन काय पाहून राहिल्या, काच पाहा न!” त्याला हे आधीपासून माहीत होतं.

ऑटोचा एक फायदा मात्र मान्य करायलाच हवा, बॅटरीचा. माझ्या दिव्यात १८६५० आकाराचे दोन सेल आहेत, मिळून साधारण १९ वॉट-तास. ८०० ल्युमेनला ८ वॉटच्या आसपास लागतात, म्हणजे सतत पूर्ण झोतावर दोन-सव्वादोन तास. ऑटोवर शहरातला भाग मंद गेल्यामुळे तोच दिवा फेटरीला जाऊन येऊन वर दुसऱ्या दिवशीच्या अर्ध्या फेरीला पुरतो. ज्यांची फेरी लांब आहे आणि निम्मी शहरातून आहे त्यांच्यासाठी हे महत्त्वाचं आहे. फक्त वर्धा रोडने कामावर जाणाऱ्याला याचा उपयोग कमी. तिथे डबल डेकर पुलाच्या ३.१४ किलोमीटरच्या पट्ट्यात खालच्या रस्त्याने गेलं की खांबांची सावली आणि दिव्यांचा उजेड आलटून पालटून येतो. माझा दिवा तिथे काय करावं हे न सुचून सारखा वर-खाली होत राहतो. मी तिथे ऑटो बंद करून मधल्या पायरीवर ठेवते.

आता मागच्या दिव्याकडे येते, आणि इथे माझं मत पूर्ण उलटं आहे.

मागचा दिवा आपल्याला दिसतच नाही. तो चालू आहे का, किती प्रखर आहे, बॅटरी उतरली का, काही कळत नाही आणि चालू सायकलवर मागे हात घालून बटण दाबता येत नाही. म्हणून जी गोष्ट त्याने स्वतः करावी ती खरोखर त्यानेच केली पाहिजे. माझा दिवा दिवसाउजेडी जोरात लुकलुकतो, अंधार झाला की मंद होऊन स्थिर जळतो, म्हणजे मागच्या सायकलवाल्याच्या डोळ्यात जात नाही. आत ॲक्सेलरोमीटर आहे, मोबाइल आडवा केला की स्क्रीन फिरते त्याच जातीचा. वेग एकदम कमी झाला की दिवा दोन-तीन सेकंद पूर्ण लाल भडकतो. ग्रुपने चालवताना याची किंमत कळते. ताशी २८ ने आम्ही जात असू तर सेकंदाला पावणेआठ मीटर. मागचा माणूस दोन मीटरवर चिकटून असेल तर त्याच्याकडे पाव सेकंद आहे, तेवढ्यात कुठलाच दिवा त्याला वाचवू शकत नाही. पण सहा मीटरवर असेल तर पाऊण सेकंद मिळतो, आणि तिथे हा भडका उपयोगी पडतो. ओरडून “खड्डा!” म्हणायच्या आधी मागच्याचा हात ब्रेकवर गेलेला असतो. आम्ही आता अंधारात अंतर वाढवून चालवतो, आणि ज्यांच्याकडे असा दिवा आहे त्यांना पुढे ठेवतो.

खड्ड्यात चाक आपटलं, गतिरोधकावरून उडालं तरी हा दिवा कधी कधी ब्रेक समजून भडकतो. हिंगणा रोडवर तर तो दिवाळीच करतो. त्याने काही बिघडत नाही, उलट मागच्याला खड्ड्याची वर्दी मिळते. बिघडतं ते दुसरीकडे. सायकल हलत नसेल तर बॅटरी वाचवायला हे दिवे झोपतात. माझा दोन मिनिटांनी झोपतो. शहरातल्या सिग्नलला तेवढा वेळ सहसा लागत नाही, पण रेल्वे फाटकाला लागतो, आणि पंक्चर काढायला रस्त्याच्या कडेला थांबलं की हमखास लागतो. अंधारात कडेला उभं असताना मागचा दिवा विझणं मला चालत नाही. मी थांबले की सीट थोडी हलवते, तो जागा होतो. विकत घेताना ही झोपेची वेळ ॲपमधून वाढवता येते का ते नक्की विचारा. काहींमध्ये येते.

रडार असलेले दिवे हा याच्या पुढचा टप्पा. गार्मिनचा व्हेरिया आरटीएल ५१५ मागून येणारी गाडी १४० मीटरपर्यंत ओळखतो आणि कॉम्प्युटरवर किंवा फोनवर ठिपका दाखवतो. आमच्यातली एक मैत्रीण बीआरएम करते, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेऱ्या. ३०० किलोमीटर २० तासांत, ४०० किलोमीटर २७ तासांत, म्हणजे रात्र सायकलवरच जाते. तिच्याकडे तो आहे आणि बुटीबोरीच्या पुढे मी तो तिच्याकडून मागून वापरून पाहिला. ट्रक ताशी ७० ने येत असेल आणि आपण २५ ने जात असू तर १४० मीटर म्हणजे ११ सेकंद आधी खबर. वाऱ्यात मागचा आवाज ऐकू येत नाही तेव्हा हे ११ सेकंद फार मोठे वाटतात, कड धरायला, खांदे सैल करायला. आपल्याच वेगाने मागे मागे येणारं वाहन मात्र तो दाखवत नाही, हे लक्षात ठेवा. आणि बर्डीच्या गर्दीत तो इतका टिवटिवतो की बंदच करावा लागतो. किंमत दहा हजारांच्या बरीच पुढे जाते. महामार्गावर रात्री नेमाने जाणाऱ्याने पैसे साठवून घ्यावा असं मला मनापासून वाटतं. शहरातल्या शहरात फिरणाऱ्याने घेऊ नये.

पावसाबद्दल थोडक्यात. दिवा किती पाणी सोसतो ते आयपीएक्सच्या आकड्यावरून कळतं. ४ म्हणजे शिंतोडे, ६ म्हणजे जोराचा फवारा, ७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास. मागच्या दिव्यावर चाकाचं पाणी सतत उडतं, म्हणून तो तरी ६ चा असावा. चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण दाबून बसवलेलं आहे का हे निघताना बोटाने पाहायचं.

उन्हाळा मात्र नागपूरकरांनी गंभीरपणे घ्यावा. हे सगळे सेल लिथियम-आयनचे, आणि साधारण ४५ अंशांच्या वर ते चार्ज करू नयेत. मे महिन्यात दुपारी बंद खोलीत, खिडकीपाशी, दिव्याचं अंग स्वतःच तेवढं तापतं. माझ्या शेजारच्या मुलाने दिवा गॅलरीत चार्जिंगला लावून ठेवला होता. तो चार्ज होता होता थांबला, आणि दिवा खराब आहे म्हणून मुलगा तो दुकानात परत न्यायला निघाला. दिव्याने चार्जिंग तोडलं होतं ते योग्यच होतं. मी रात्री कूलर चालू असलेल्या खोलीत चार्जिंगला लावते आणि सायकल उन्हात उभी राहणार असेल तर दोन्ही दिवे काढून पर्समध्ये घेते. गाडीच्या डिकीत तर अजिबात ठेवू नका.

पैशांचं मी असं मांडीन. हातात पाच हजार असतील तर निम्म्याहून कमी रकमेत ब्रेक ओळखणारा मागचा दिवा घ्या, आणि उरलेल्यात कापलेल्या झोताचा, बटणावर चालणारा पुढचा. पुढच्याला ऑटो असलाच तर तो बंद करता येतो ना, आणि बंद केल्यावर शेवटची पायरी लक्षात ठेवतो ना, एवढं पाहा. कॉलेजच्या पोरांकडे हजार रुपयेच असतील तर ते सगळे मागच्या दिव्यावर जावेत, पुढे साधी टॉर्च क्लिपने लावली तरी चालेल. फुल मून राइडला, फुटाळ्यावर गप्पा मारत जाणाऱ्यांना यातलं काहीच लागत नाही. मागे एक साधा लाल दिवा आणि अंगात रिफ्लेक्टरचं जॅकेट पुरे.

दुकानात गेलात तर दिवसा, उघड्या शोरूममध्ये दिवा पाहू नका. शटर अर्धं ओढायला सांगा, नाहीतर मागच्या गोडाऊनमध्ये न्या. भिंतीपासून पाच मीटरवर हँडलच्या उंचीवर दिवा धरा आणि झोताची वरची कड सरळ कापलेली दिसते का ते पाहा. मग दुकानदाराला मोबाइलची टॉर्च समोरून सेन्सरवर मारायला सांगा आणि मनात आकडे मोजा. पाचच्या आत मंद झाला तर तो काटोल रोडच्या कामाचा नाही. मागच्या दिव्यासाठी तो हातात घेऊन जोरात पुढे न्या आणि एकदम थांबवा, भडकला पाहिजे. एवढं करू द्यायला कुणी नाही म्हणत असेल तर बिल फाडायच्या आधी दुसरं दुकान पाहा, बर्डी आणि महाल मिळून पर्याय भरपूर आहेत.